आधी शिसं, मग रबर

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रबरी मासळ्यांची पाकिटं टांगलेली असतात, तिथं नवशिका माणूस हमखास थबकतो. पोपटी, चंदेरी, पोटाखाली तांबूस झाक असलेल्या, अंधारात उजळणाऱ्या, शेपटी वळवळणाऱ्या मासळ्या. शेजारी कप्प्यांच्या डबीत शिशाचं डोकं बसवलेले गळ पडलेले असतात, राखाडी आणि एकसारखे. यांना जिगहेड म्हणतात. नवशिक्याचा पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि जिगहेड तो निघता निघता मूठभर उचलतो. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे, निदान परभणी जिल्ह्यातल्या पाण्यांपुरता तरी. आधी शिसं ठरवावं, मग रबराचा आकार, आणि रंगाचा विचार उरलेल्या वेळात करावा. रंग दुकानात उभ्या उभ्या ठरवता येतो, म्हणूनच तो आधी ठरवला जातो. वजनाचं तसं नाही. ते पाण्याची खोली, ओढ आणि तळ पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि या तीन गोष्टी कळू लागल्या की नवशिकेपणाचा मोठा भाग संपतो.

रबरी मासळी आणि जिगहेड या जोडीचा पहिला धडा अनेकदा एका ठरावीक माशावर दिला जातो. तो मासा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांतला फ्लॅटहेड. डोकं वरून दाबल्यासारखं चपटं, डोळे डोक्याच्या माथ्यावर, अंगाचा रंग वाळूचा. वाळूत स्वतःला अर्धवट पुरून तो पडून राहतो आणि वरून काही गेलं की उसळी घेऊन गिळतो. त्याच्यासाठीची कृती ठरून गेलेली आहे : तीन-चार इंची मासळी, साधारण सात ग्रॅमचं शिसं, लांब फेक, तळाला टेकू देणं, काठीच्या टोकानं हलकं उचलणं, पुन्हा टेकू देणं. मासा बहुतेक वेळा मासळी खाली येत असताना धरतो. ही कृती नवशिक्याला सोपी जाते, कारण तिथला तळ बराचसा सलग वाळूचा, गळ अडकायची भीती कमी आणि मासा भरपूर. सिडनी-ब्रिस्बेनकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या एखाद्या मुलानं धक्क्यावर उभं राहून गळ टाकायचं ठरवलं, तर त्यालाही हाच धडा मिळेल आणि तो तिथं बरोबरच असेल. चूक होते ती तो धडा पाकिटासकट उचलून गंगाखेडला आणण्यात. सात ग्रॅम हे उत्तर आहे. ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही, फ्लॅटहेडही नाही. पाणी मात्र आहे. गोदावरी पाथरी-मानवतकडून शिरून सोनपेठ, गंगाखेड, पालम अशी वळणं घेत पुढं नांदेडकडं जाते. पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरीला अडवली आहे आणि पुढं कंठेश्वरला ती गोदावरीला मिळते. सेलू तालुक्यात निम्न दुधना आहे, गंगाखेडकडे मासोळी आहे, जिंतूरकडे करपरा आहे. यांत दबा धरून बसणारे मासे अनेक. मरळ ही त्यांतली सगळ्यांच्या ओळखीची : सापासारखं डोकं, जलपर्णीच्या कडेला निश्चल थांबणं, आणि एका झडपेत काम उरकणं. शिंगाळा तळालगत मिशांनी चाचपत फिरतो. शिवडा रुंद तोंडाचा, रात्रीचा शिकारी. वाम दगडाच्या सांदीत किंवा वाळूत अंग खुपसून नाक तेवढं बाहेर ठेवते. फ्लॅटहेडच्या सवयी या चौघांत थोड्या थोड्या वाटल्या गेल्या आहेत. वाळूत पुरून राहणं वामेकडे गेलं, तळ धरून हिंडणं शिंगाळ्याकडे, अवाढव्य तोंड शिवड्याकडे, आणि वरून जाणाऱ्यावर झेप घेणं मरळीकडे. म्हणून एका माशासाठी बेतलेली कृती इथं चार तुकड्यांत करावी लागते, आणि चारही तुकड्यांत बदलतं ते मुख्यतः वजन.

माशाप्रमाणे आमिष बदलावं, हा विचार या भागाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राजवटीत होता. राजानं करमणुकीसाठी गळानं मासे कसे धरावेत, कुठल्या माशाला कुठलं खाद्य आवडतं, आधी खाणं टाकून मासे कसे जवळ आणावेत, हे त्यात सांगितलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिलं तेव्हा त्यांना त्यातल्या माशांच्या बारीक निरीक्षणाचं विशेष वाटलं. मला विशेष वाटतं ते क्रमाचं. आधी माशाची जात आणि राहणी, मग त्याचं खाणं, मग गळ. रंगीत पाकिटांच्या दुकानानं हा क्रम उलटा केला. अर्थात राजाला गळ तुटला तर नवा आणून देणारी माणसं हाताशी होती, आणि तळाला काय आहे ते सांगणारे कोळीही असणार. आजच्या नवशिक्याला तळाची खबर स्वतःच काढावी लागते, आणि ती काढायचं त्याच्याकडचं साधन म्हणजे दोरीच्या टोकाचं शिसं.

हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. रबरी मासळीचं स्वतःचं वजन पाण्यात जवळजवळ नसल्यासारखंच असतं. तिला खाली नेतं ते शिसं, आणि अडवतं ते पाणी. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शिसं दुप्पट केलं तरी मासळी दुप्पट वेगानं बुडत नाही, फार तर दीडपटीच्या आतच राहते. म्हणजे साडेतीनऐवजी सात ग्रॅम लावल्यानं बुडण्यात दुपटीइतका फरक पडत नाही. पण ओढीच्या पाण्यात तळाला टिकून राहण्यात आणि टेकल्याचा ठोका हाताला कळण्यात मोठा फरक पडतो. इथंच निवड अवघड होते. वजन कमी तर मासळी सावकाश, नैसर्गिक वाटेल अशी उतरते आणि दबा धरलेल्या माशाला ठरवायला वेळ मिळतो, पण ती तळाला पोचली की मधेच वाहून गेली हे कळत नाही. वजन जास्त तर तळ स्पष्ट कळतो, पण मासळी धोंड्यासारखी पडते आणि पहिल्याच सांदीत रुतते. जुन्या गळवाल्यांचा नियम असा की तळाचा ठोका ज्यानं जेमतेम कळतो ते सगळ्यात हलकं शिसं लावावं. नियम लहान आहे, पण त्यातला ‘जेमतेम’ हा भाग पाकिटावर छापता येत नाही. तो गोदावरीवरच्या ढालेगाव बंधाऱ्याच्या फुगवट्यात वेगळा असतो आणि बंधाऱ्याखालच्या वाहत्या धारेत वेगळा.

परभणी जिल्ह्याचा तळ हा तर स्वतंत्र विषय आहे. ढालेगाव, मुद्गल, डिग्रस अशा बंधाऱ्यांनी गोदावरीचे लांबच लांब संथ डोह केले आहेत. बंधाऱ्याजवळ गाळ साचतो, वरच्या अंगाला वाळू उरते. ती वाळूही उरेल तिथं उरेल, कारण गंगाखेड-पूर्णा पट्ट्यातला वाळूचा उपसा आता कुणाला नवा नाही. उपसा झाला की पात्रात खड्डे पडतात आणि काठाला गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर पुरुषभर होतं. हे खड्डे पोहणाऱ्यांचे वैरी. माशांना मात्र उन्हाळ्यात तेवढाच आसरा. येलदरीची गोष्ट निराळी. पूर्णेवरचं हे धरण १९६० च्या दशकातलं, पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं वीजघर असलेलं. जलाशयाखाली शेतं गेली, बांध गेले, झाडं गेली. पाणी ओसरतं तेव्हा उघड्या पडणाऱ्या गाळपेरात बाभळीचे खुंट आणि काळ्या पाषाणाचे दगड दिसतात, आणि पाणी चढलं की तेच गळ गिळतात. खालचं सिद्धेश्वर धरण आता हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत दोन्ही धरणं परभणीचीच होती. सांगायचं ते असं की इथला तळ शंभर हातांत चार वेळा बदलतो, आणि तो पाहता येत नाही, चाचपावा लागतो.

योग्य वजनाचं शिसं ही चाचपणी करून देतं. दोरी ताठ ठेवून जिगहेड टेकवला की वाळू बारीक, बोथट ठोका देते. गाळ ठोका देतच नाही. दोरी नुसती सैल पडते आणि उचलताना काहीतरी चिकटून सुटल्यासारखं जडपण जाणवतं. काळा पाषाण कोरडा, टणक ठोका देतो आणि पुढच्या ओढीला दोरी खरखरते. बाभळीची बुडालेली फांदी लवते. ओढलं की येते, सोडलं की मागं जाते, आणि नवशिका तिला पहिल्यांदा मासाच समजतो. शिसं हातातून सुटल्यापासून टेकेपर्यंत मनात अंक मोजले आणि प्रत्येक फेकीला ते ताडून पाहिले, तर खड्ड्याची कड कुठं सुरू होते ते कळतं, आणि शिकारी मासा बहुधा त्या कडेलाच असतो. रबराचा आकार बदलून ही खबर मिळत नाही. रंग बदलून तर नाहीच. म्हणून नवशिक्याच्या डबीत एकाच आकाराच्या मासळ्या आणि तीन वेगवेगळी वजनं असावीत, असं मला वाटतं. तीन आकारांच्या मासळ्या आणि एकच वजन अशी डबी त्याला काही शिकवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर मासा लागला की का लागला ते कळण्याची शक्यता असते. मासळी, रंग, वजन, जागा असं सगळंच बदलत राहणाऱ्याला यश मिळालं तरी त्यातून पुढच्या वेळेसाठी काही हाती उरत नाही.

यावर पहिला आक्षेप रंगवाल्यांचा. ते म्हणतील, मासे रंग ओळखतात हे सिद्ध झालेलं आहे, मग रंग दुय्यम कसा? मासे रंग ओळखतात, हे खरंच. पण ओळखायला रंग आधी डोळ्यांपर्यंत पोचावा लागतो. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश सगळ्यात आधी नाहीसा होतो. गढूळ पाण्यात उलट होतं, निळ्याकडचा भाग आधी जातो आणि उरतो तो पिवळट-तांबूस अंधूक उजेड. आता परभणीची माती आठवावी. ही कापसाची काळी जमीन, तिच्यातले चिकणमातीचे कण इतके बारीक की पावसाच्या पाण्याबरोबर नदीत आले की कित्येक दिवस खाली बसत नाहीत. आषाढ-श्रावणात गोदावरीत हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात पोपटी आणि चंदेरी यांत फरक करायचा कुणी? तिथं माशाला दिसते ती आकृती, वरच्या उजेडावर पडलेली काळी सावली. आणि जाणवते ती शेपटीची थरथर, कारण माशाच्या कुशीवरून गेलेली रेघ पाण्यातला हेलकावा टिपते. म्हणून गढूळ पाण्यात गडद मासळी आणि जाड, फडफडणारी शेपटी. मार्गशीर्ष-पौषात पाणी निवळलं की फिकट, राखी, थोडी पारदर्शक मासळी. दोन रंग झाले. तिसऱ्याला माझ्याकडं कारण नाही. निवळ पाण्यात, भर उन्हात, वरचेवर गळ पाहून शहाण्या झालेल्या माशांपुढं रंगाचा बारकावा चालत असेल, आणि तिथं मी हट्ट धरणार नाही. पण ती परिस्थिती नवशिक्याची नसते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मरळीचा. इथं रबरी ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, घेऊन जाणारे बहुतेक जण मरळीमागं जातात. मरळीला कल्ल्यांवरच्या श्वासानं भागत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावी लागते. जलपर्णीच्या, शेवाळाच्या कडेला ती वरच्या थरात थांबते आणि तिच्यासाठीचा रबरी बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढतात, बुडवत नाहीत. मग शिशाची सगळी मीमांसा इथं फोल नाही का? मला उलट वाटतं. मरळीसाठी वजन शून्य ठेवायचं, हाही वजनाचाच निर्णय आहे आणि तोही आधीच घ्यावा लागतो. सात ग्रॅमचा उघडा जिगहेड घेऊन जलपर्णीच्या कडेला गेलेला माणूस रंग कोणताही आणो, दहा मिनिटांत हिरव्या जुड्या ओढत बसणार. तिथं शिशाशिवायचा, टोक रबरात दडवलेला गळ हवा. चैत्र-वैशाखात पाणी तापलं आणि त्यातला प्राणवायू घटला की हीच मरळ खोल खड्ड्याच्या तोंडाशी सरकते आणि हवेसाठी थोडक्यात वर येऊन परत जाते. तेव्हा हलकं शिसं मासळीला मधल्या थरात सावकाश उतरवतं. मासा तोच, रबर तेच, बदललं काय ते वजन. मरळीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वजनाच्या पलीकडची आहे. पावसाळ्यात मरळीची जोडी तांबूस पिल्लांचा थवा राखत फिरते आणि त्या थव्यावरून जाणाऱ्या कशावरही तुटून पडते. तो भुकेचा हल्ला नसतो. तेव्हा गळ टाकणाऱ्याला यश हमखास, आणि आई-बाप उचलले गेले की तो थवा इतर मासे दुपारपर्यंत संपवतात. ल्यूरचं काम इतकं सोपं करून देणारा हा एकच हंगाम नवशिक्यानं सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप काठावरचे लोक घेतील, आणि हसत घेतील. वेळूची काठी, तंगूस, गळ आणि ओल्या बांधातलं गांडूळ एवढ्यावर मासा लागतो, तर रबर कशाला? याला पूर्ण उत्तर नाही, कारण आक्षेप बराचसा खरा आहे. शिंगाळा आणि वाम हे वासावर आणि चवीवर चालतात. शिंगाळ्याच्या मिशा म्हणजे जवळजवळ जिभाच. गढूळ पाण्यात रात्री रबर आणि गांडूळ शेजारी शेजारी टाकले तर गांडूळ जिंकणार, आणि नवशिक्याला वामच हवी असेल तर त्यानं पाकीट घेऊच नये. यातली गंमत अशी की पहिली गाजलेली प्लास्टिकची ल्यूर गांडुळाचीच नक्कल होती. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निक क्रीम या माणसानं ती १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात ओतली. पण गांडूळ थांबून राहतं आणि मासा त्याच्याकडं यावा लागतो. रबर फिरतं आणि माशाकडं जातं. गांडुळाला चिलापी आणि बारीक मासळी आधी टोचून संपवते, रबराला त्या फारशा विचारत नाहीत. आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की गांडुळवाल्याला तळाचा एकच ठिपका कळतो, जिथं त्याचं शिसं पडलेलं असतं. रबर उचलत-टेकवत आणणाऱ्याला फेकीगणिक तळाची एक पट्टी वाचायला मिळते. काठावरच्या जुन्या माणसाला ही गरज नसते, कारण त्याला तो तळ लहानपणापासून पाठ असतो. दुष्काळात कोरड्या पात्रातून तो चालत गेलेला असतो. नवशिक्याकडं ते भांडवल नसतं, म्हणून त्याला शिसं हवं.

वजन ठरलं की बाकीच्या गोष्टी लवकर आटपतात. गळाच्या क्रमांकाची उलटी रीत तेवढी लक्षात ठेवावी. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि शून्याची जोड असलेल्या आकड्यांत, म्हणजे १/०, २/०, ३/० असं चढत गेलं की मोठा होतो. तीन इंची मासळीला २/० किंवा ३/० पुरतो. गळाचं टोक मासळीच्या पाठीतून मधोमध निघालं पाहिजे आणि मासळी गळावर सरळ बसली पाहिजे. वाकडी बसली तर ती पोहत नाही, गरगरते, आणि दोरीला पीळ पडतो. महागड्या मासळ्या वाया जातात त्यांतल्या निम्म्या तरी इथंच, असा माझा अंदाज. वाळूवर उघडा जिगहेड चालतो, खुंटांत आणि दगडांत टोक दडवलेला गळ बरा. दोरीचाही वजनाशी संबंध आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जाड तंगूस पाण्यात अडतो, ओढीला फुगतो आणि ताणलाही जातो. त्यामुळं त्याच्यावर पाच ग्रॅमचा ठोका हाताशी पोचेपर्यंत विरतो. विणलेली बारीक दोरी ताणली जात नाही, तिच्यावर तेच पाच ग्रॅम बोलतं. पण ती महाग, आणि काळ्या पाषाणावर घासली की तुटणारी. तंगूस वापरायचा असेल तर तो बारीक घ्यावा आणि शिसं एक पायरी वर चढवावं. पाच, आठ आणि बारा ग्रॅमच्या आसपासची तीन वजनं, एक बिनशिशाचा गळ, एका आकाराच्या मासळ्या गडद आणि फिकट, एवढ्यात येलदरीपासून डिग्रसपर्यंतचं काम भागावं.

आणखी दोन आक्षेप मासेमारीच्या तंत्राबाहेरचे आहेत. जलाशयातली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते, बीज त्यांनी सोडलेलं असतं, आणि भोई समाजातल्या अनेक घरांची चूल त्यावर पेटते. हौसेखातर गळ टाकणाऱ्यानं तिथं आधी विचारलं पाहिजे, यात वाद नाही. विचारण्याचा फायदा गळवाल्याचाच, कारण कुठल्या कोपऱ्यात खुंट आहेत आणि कुठं जाळी लावली आहेत हे सांगणारं दुसरं कुणी नाही. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव, गोदाकाठी माळकरी घरं पुष्कळ, आणि घाटावर माशांना पिठाच्या गोळ्या टाकणारे हातही पुष्कळ. तिथं गळ टाकणं म्हणजे माणसाळलेल्या माशांना फसवणं, आणि त्यात कौशल्यही नाही. घाट सोडून द्यावा. हिंसेचा मोठा प्रश्न मी इथं सोडवू शकत नाही. ज्यांनी तो स्वतःपुरता सोडवला आहे आणि जे मासा खातात, त्यांच्यासाठीच हे लिहिणं आहे.

शेवटचा आक्षेप मात्र थेट माझ्या मुद्द्यावर येतो. शिसं विषारी आहे. शिशालाच पहिला मान द्यायला सांगणं म्हणजे प्रत्येक अडकलेल्या गळाबरोबर थोडं विष तळाशी सोडायला सांगणं नाही का? पाणपक्षी चरताना वाळूच्या कणांसोबत शिशाचे गोळे गिळतात आणि मरतात. हंस मरू लागले म्हणून ब्रिटननं १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांच्या विक्रीवर बंदी घातली. येलदरीच्या ओसरत्या काठावर हिवाळ्यात चरणाऱ्या बदकांना हे लागू नाही, असं म्हणायला आधार नाही. रबर तरी कुठं निर्दोष आहे? ते मऊ केलेलं पीव्हीसी, पाण्यात तसंच राहतं, आणि माशानं गिळलं तर पोटात फुगून बसतं. म्हणून तुटकी मासळी खिशात घालून परत आणायची. शिशापुरतं म्हणायचं तर माझा आग्रह वजनाचा आहे, धातूचा नाही. टंगस्टन उत्तम, पण नवशिक्याच्या ऐपतीबाहेरचं. लोखंड स्वस्त आहे आणि हिशेबही फार बिघडवत नाही. दहा ग्रॅम शिसं पाण्यात नऊ ग्रॅमहून किंचित जास्त भरतं, दहा ग्रॅम लोखंड पावणेनऊच्या आसपास. आकार मात्र जवळपास दीडपट होतो, त्यामुळं ते थोडं सावकाश उतरतं आणि ठोका जरा बोथट देतं. आठ ग्रॅम शिशाच्या जागी दहा ग्रॅम लोखंड घेतलं की बहुतेक ठिकाणी भागतं. बंधाऱ्याखालच्या धारेत बारा घ्यावं लागेल.